तीन लांब शिट्ट्या

रविवार, ४ फेब्रुवारी

वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी मी एका स्काउट पथकाचा प्रमुख झालो. हे वाक्य लिहिल्यावर मीच ते दोनदा वाचले.

चित्रकलेचे गुरुजी एकवीस वर्षे हे पथक चालवीत होते. गुडघे अगदीच ऐकेनासे झाल्यामुळे ते लेकीकडे राहायला गेले. प्रौढ प्रमुखाशिवाय पथक चालवता येत नाही असा नियम आहे. ज्या वाचनालयात मी दर गुरुवारी धर्मग्रंथांवर निरूपण करतो, त्याच्याच मागच्या दालनात हे पथक भरते. रविवारी सकाळी मोकळा असलेला सभासद शोधता शोधता मंडळींची दृष्टी माझ्यावर स्थिरावली. एप्रिलच्या अखेरीस निरीक्षण आहे. त्यात आम्ही कसोटीला उतरलो नाही, तर हे पथक नदीपलीकडच्या पथकात विलीन होईल. तिकडे जायला दोन बसगाड्या बदलाव्या लागतात. सतरा मुलांपैकी फार तर पाच मुलांना घरून तशी परवानगी मिळेल. बाकीच्यांचे स्काउटपण तिथेच संपेल.

काम सारे मुलेच करतात, प्रमुखाने केवळ असावे, असे मला सांगण्यात आले. केवळ असणे या विषयावर मी आयुष्यभर चिंतन केले आहे, तेव्हा नकार देण्यास कारण उरले नाही.

पथकनायिका मात्र मुलांनी हात वर करून निवडली. सुताराची मुलगी, वय पंधरा, किडकिडीत आणि टोकदार, म्हणून तिला सगळे टाचणी म्हणतात. बारा हात तिला मिळाले आणि पाच बेकरीवाल्याच्या मुलाला. बोलण्याआधीच धावू लागतो म्हणून त्याचे नाव इंजिन पडले आहे. तो आता उपनायक. ज्यांनी शिकायचे, त्यांनीच आपला शास्ता निवडावा, हे माझ्या वाचनात बसत नाही. अधिकार हा पाण्यासारखा वरून खाली यावा. तो खालून वर चढलेला मी पाहिलेला नाही.

सूनबाईने स्वयंपाकघरातून काहीतरी विचारले असावे, कारण ती हात पुसत माझ्यासमोर आली आणि म्हणाली, "बाबा, झेपेल ना?" हल्ली माणसे शब्द ओठांतच ठेवतात. ती दवाखान्यात परिचारिका आहे. तिथे रुग्णांचे कसे चालत असेल, देव जाणे.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

निरूपणास आज टाचणी आली होती. शेवटच्या रांगेत बसून तिने शेवटपर्यंत ऐकले. सगळे गेल्यावर तिने खिशातून दोन हात लांबीची दोरी काढली आणि मला कोणत्या गाठी येतात ते विचारले. मला बुटांच्या नाड्या बांधता येतात, एवढेच मी सांगू शकलो.

पुढचा अर्धा तास तिने मला दोन दोऱ्यांची टोके जोडणारी सपाट गाठ शिकवली. माझी गाठ सात वेळा सुटली. ती एकदाही "चुकलं" म्हणाली नाही. दर वेळी दोरी सोडवून माझ्या हातात द्यायची आणि "पुन्हा" म्हणायची. चाळीस वर्षे मी पाठशाळेत शिकवले, पण शिष्याच्या हातात दोरी अशी परत ठेवणे मला साधले होते का, याची मला शंका आहे.

रविवार, १८ फेब्रुवारी

पहिली पूर्ण सभा. दालनात तंबूच्या कापडाचा वास, पत्र्याच्या कपाटात वेटोळी घालून ठेवलेल्या दोऱ्या आणि खुंट्यांवर सतरा शिट्ट्या. हे पथक शिट्टीवर चालते. एक लांब म्हणजे थांबा, अनेक आखूड म्हणजे जवळ या, आणि तीन लांब म्हणजे धोका: हातातले काम टाकून त्या दिशेने जायचे. शेवटची शिट्टी गमतीनेही वाजवायची नाही, असे टाचणीने लहानांकडून तीनदा म्हणवून घेतले. सर्वांत लहान आहे ती बटण, वय दहा. तिने तर छातीवर हात ठेवून ते म्हटले.

नंतर मी मुलांना मौनाविषयी चार शब्द सांगितले. वाणी आवरणाऱ्याचे मन आपोआप आवरते, हा त्यातला मुख्य भाग. माझ्या मते पाव तास झाला. इंजिनच्या मते पन्नास मिनिटे. आणि तो हे शेजाऱ्याला सांगत होता, हे मला त्याच्या बोटांवरून कळले.

टाचणीचे एक वैशिष्ट्य नोंदवून ठेवतो. माझ्याशी बोलताना ती समोर उभी राहते आणि एकेक शब्द सुटा करून उच्चारते. वाणीची इतकी शुद्धता या वयात विरळा.

रविवार, ४ मार्च

पथकाची पहिली पदयात्रा. शहराच्या पाणीसाठ्यामागच्या टेकडीवर गेलो होतो. वरच्या सपाटीवर एका खडकाजवळ माझा तळ ठरला. मुले तीन संघांत विभागून नकाशावरील खुणा शोधण्यास उतारावर पांगली. काही अडचण आल्यास शिट्टी होईल आणि मग मी पलीकडच्या चौकीतल्या रखवालदाराला बोलवायचे, असे ठरले होते.

दोन तास इतकी गाढ शांतता लाभली की कित्येक वर्षांत तशी लाभली नव्हती. मी मनातल्या मनात एक संपूर्ण अध्याय म्हटला. पान हलत नव्हते, पक्षीही बोलत नव्हते. सृष्टी स्वतःच ध्यानस्थ बसल्यासारखी वाटली.

परतताना मात्र इंजिनने बटणाला पाठुंगळी घेतले होते. खाली घळीत तिचा पाय मुरगळला होता आणि घोटा चांगलाच सुजला होता. ती रडून रडून थकलेली दिसली. टाचणीचा शर्ट काटेरी झुडपांत फाटला होता. सर्वांत दूरच्या बाजूला असूनही तीच प्रथम तिथे पोचली, असे कळले. ती माझ्यासमोर उभी राहिली, बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली आणि मग तिने विचारले, "आजोबा, इथे वर वारा फार होता का?"

मी म्हटले, छे, वाऱ्याचा मागमूसही नव्हता.

तिने मान हलवली आणि माझी पिशवी उचलून घेतली. घरी सूनबाईने बटणाच्या घोट्यावर पट्टी बांधली. नंतर ती आणि टाचणी दारात काही बोलत होत्या. मी जवळ जाताच गप्प झाल्या.

रविवार, ११ मार्च

आज एका आनंदाची नोंद करतो. टाचणीने पथकातून शिट्ट्या काढून टाकल्या आहेत. सतराही शिट्ट्या एका डब्यात बंद झाल्या. यापुढे सारे व्यवहार निशाणांनी होतील: पांढरे म्हणजे थांबा, पिवळे म्हणजे जवळ या, लाल म्हणजे धोका. दूर असल्यास आरशाचा कवडसा. सर्वांनी हात वर करून मान्यता दिली. इंजिननेही दिली, जरा उशिरा.

मी कारण विचारले, तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही मौनाबद्दल सांगितलं होतं ना."

एखादे वचन कानी पडणे निराळे आणि त्यावर आचार उभा करणे निराळे. माझ्या चाळीस वर्षांच्या शिष्यांत हे कुणी केले नाही. एका सुताराच्या मुलीने तीन आठवड्यांत केले.

रविवार, २५ मार्च

पथकाचे काम पाहून मन भरून येते. मैदानावर तीन संघ एकमेकांशी एक अक्षर न बोलता तंबू उभारतात. टाचणी मधोमध उभी राहते; हात उंचावला की सारे थांबते. ती कुणावर ओरडत नाही. स्वतः शेवटी पाणी पिते. खुंटी वाकडी ठोकली गेली तर ठोकणाऱ्याजवळ उकिडवी बसते आणि काही न बोलता त्याच्या हातात हातोडी परत ठेवते.

माझ्याविषयीही तिने फार आदर ठेवला आहे. माझी खुर्ची आता नेहमी मैदानाकडे तोंड करून मांडतात आणि डावीकडे बटणाला स्टुलावर बसवतात. तिच्या मांडीवर लाल निशाण असते. कुणी काही सांगितले की ती माझ्या बाहीला हात लावते. वडीलधाऱ्याच्या शेजारी एक बालक सेवेला असावे, ही जुनी रीत टाचणीला कुणी शिकवली असेल?

सूनबाईने पुन्हा एकदा सगळी तपासणी करून घ्या असा धोशा लावला. प्रकृती ठणठणीत असताना दवाखान्याच्या पायऱ्या झिजवणे मला मान्य नाही, असे मी सांगितले. ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला पटवण्यापेक्षा भिंतीला पटवणं सोपं." हे मात्र तिने स्पष्ट म्हटले.

शुक्रवार, २० एप्रिल

निरीक्षण परवावर आले. निरीक्षक बाईंकडून एक छापील पत्रक आले आहे. त्यात पुढील ओळ आहे: 'अंतरावरून दिलेली धोक्याची शिट्टी प्रमुखास कळते व तो तत्काळ कृती करू शकतो.' खाली दोन जागा आहेत, एक प्रमुखाच्या सहीसाठी आणि एक पथकनायकाच्या. मी माझी सही नीट, वळणदार केली. टाचणीने पत्रक घेतले, वाचले आणि घडी करून वहीत ठेवले. ती म्हणाली, संघनायकांशी बोलून मग सही करीन.

दालनाचे दार लावून त्यांची सभा झाली. तिला ते मानसभा म्हणतात. पथकातले मोठे तंटे तिथेच मिटवतात आणि प्रमुखालाही आत बोलावल्याशिवाय जाता येत नाही. अर्ध्या तासाने इंजिन लालबुंद होऊन बाहेर आला. त्याने खुर्चीला लाथ मारली, मग मला पाहून खुर्ची सरळ केली. त्याचे ओठ हलले. नदीपलीकडे, एवढे मला वाटते तो म्हणाला.

टाचणीचे डोळे सुजलेले होते. निरीक्षणाचा ताण असणार. मी तिला सांगितले की सत्याने वागणाऱ्याने निकालाची चिंता करू नये. तिने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी तिला शिक्षा सुनावली.

रविवार, २२ एप्रिल

जे घडले ते क्रमाने लिहितो.

निरीक्षक बाई सकाळी आल्या. एरवी त्या टपाल कचेरीत अधिकारी आहेत. बोलणे मोजके, नजर तीक्ष्ण. तंबू, गाठी, प्रथमोपचार, सारे उत्तम झाले. मग त्यांनी पत्रक पाहिले. दुसरी जागा कोरी होती. त्यांनी टाचणीला काही विचारले. टाचणीने त्यांच्याकडे पाहत उत्तर दिले. ती माझ्याकडे वळलेली नव्हती, म्हणून मला शब्द कळले नाहीत. मुले एकदम स्तब्ध झाली.

बाई माझ्यासमोर आल्या आणि मला वाचनालयाच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहण्याची विनंती केली. ही सावधान उभे राहण्याची परीक्षा असावी, असे समजून मी ताठ उभा राहिलो. भिंतीत एक तडा आहे. तो मी वरपासून खालपर्यंत पाहिला. काहीच घडेना. शेवटी मान वळवून मी शेजारी उभ्या असलेल्या इंजिनकडे पाहिले.

त्याने दोन्ही कानांत बोटे घातली होती.

मी पूर्ण मागे वळलो. पंधरा पावलांवर बटण उभी होती. शिट्टी तोंडात, गाल फुग्यासारखे, चेहरा लाल, डोळ्यांतून पाणी. ती सारा जीव ओतून शिट्टी वाजवीत होती. वाचनालयाच्या वरच्या खिडकीतून दोन माणसे डोकावून पाहत होती. आणि मला कसलाही आवाज येत नव्हता.

टाचणी माझ्यासमोर आली, नेहमीसारखी, चेहरा माझ्या चेहऱ्यासमोर धरून. मी विचारले, किती वेळ.

"तिसऱ्यांदा वाजवतेय, आजोबा."

मी बटणाकडे पाहिले. त्या दिवशी टेकडीवरही, एवढेच माझ्या तोंडून निघाले. तिने शिट्टी खाली केली आणि मान हलवली. तिचे ओठ मला वाचता आले. "खूप वाजवली होती," ती म्हणाली.

मी पत्रक मागून घेतले आणि माझी सही खोडली. रेघ सहीएवढी वळणदार आली नाही.

निरीक्षक बाईंनी मग निशाणांची पद्धत पाहिली, कवडशाची पाहिली, बटणाचे स्टूल पाहिले. जाताना त्या माझ्यासमोर थांबून सावकाश म्हणाल्या की, ही व्यवस्था हुशारीची आहे, पण रानात झाडाआड पडलेल्या मुलाला निशाण उंचावता येत नाही. वीस मेपर्यंत मुदत. तोवर ऐकू येणारा प्रौढ प्रमुख उभा राहिला नाही, तर पथक नदीपलीकडे. टाचणीला त्यांनी विचारले की हे मार्चमध्येच का कळवले नाही. तिने खाली पाहिले नाही. चुकले, असे म्हणाली.

मंगळवार, २४ एप्रिल

दोन दिवस खोलीबाहेर पडलो नाही. मी त्यांना मौन शिकवले आणि त्यांनी ते माझ्याविषयीच पाळले. सतरा मुलांना, सुनेला, बहुधा वाचनालयातील सर्वांनाच जे ठाऊक होते, ते मला एकट्याला ठाऊक नव्हते.

आज ही वही काढून ४ मार्चचे पान वाचले. 'सृष्टी स्वतःच ध्यानस्थ बसल्यासारखी वाटली.' त्याच वेळी खाली घळीत एक दहा वर्षांची मुलगी, गमतीनेही वाजवायची नाही अशी शिट्टी वाजवीत होती आणि मी माझ्या शांततेचे कौतुक करीत होतो. ते पान फाडावेसे वाटले. फाडले नाही.

शुक्रवार, २७ एप्रिल

टाचणी आली. सूनबाईने तिला माझ्या खोलीत आणून बसवले, चहा ठेवला आणि दार ओढून घेतले. मी खुर्ची वळवली नव्हती. टाचणीच उठून माझ्यासमोर आली.

मी तिला विचारले की मला का सांगितले नाही. तिने सारे सांगितले. टेकडीवर मी वारा नव्हता म्हणालो, तेव्हाच तिला कळले होते. त्याच संध्याकाळी दारात तिने सूनबाईला विचारले होते की तुम्ही प्रमुख व्हाल का. पण सूनबाईच्या दवाखान्यातल्या पाळ्या रविवारच्या होत्या. मला सांगितले तर मी पद सोडीन आणि पथक बंद पडेल, ही भीती तिला वाटत होती. आणि मी मौनावर बोललो तेव्हा तिला वाट सापडल्यासारखे वाटले.

"मग सहीसुद्धा करायचीस," मी म्हटले. माझा स्वर कडू होता.

ती म्हणाली, "गप्प राहायला जमलं, आजोबा. लिहायला नाही जमलं."

मी आयुष्यभर भाष्ये वाचली. मौन आणि असत्य यांच्यातली सीमा कुठे आहे, यावर विद्वानांचे वाद मला मुखोद्गत आहेत. त्या सीमेवर दीड महिना उभे राहिलेले माणूस मी आज प्रथमच पाहिले. तिला माहीत होते की एका सहीने सारे वाचते. तिच्या बरोबरीच्या सर्वांनी ती कर म्हटले होते. आणि तिने लेखणी उचलली नाही.

जाताना तिने विचारले की रविवारी मानसभेला मी येईन का. तिला स्वतःविषयी काही मांडायचे होते.

रविवार, २९ एप्रिल

मला आत बोलावले गेले. टाचणीने खिशावरच्या नायिकेच्या दोन पट्ट्या उसवून टेबलावर ठेवल्या. बटणाचा पाय आपल्या निर्णयामुळे दुखावला नाही, पण तो दुखावल्यानंतर आपण खरे बोललो नाही, असे ती म्हणाली. पद काढून घ्यावे, एवढीच तिची मागणी होती.

अध्यक्षस्थानी उपनायक या नात्याने इंजिन होता. ज्याला पाच हात मिळाले होते, त्याच्यासमोर त्या पट्ट्या पडल्या होत्या. मी त्याच्याकडे पाहत होतो आणि मनात म्हणत होतो की हाच क्षण. तो उठला, मग मला दिसावे म्हणून मुद्दाम माझ्या बाजूला वळला.

"डब्यात शिट्ट्या टाकायला सगळ्यांनीच हात वर केले होते," तो म्हणाला. "शिक्षा असेल तर सतरा जणांना." मग खाली बसता बसता म्हणाला, "आणि मला हे नायकपण नको. हिला बघूनच दम लागतो."

शिक्षा अशी ठरली: महिनाभर सतराही जणांनी कपाटातली प्रत्येक दोरी धुऊन, वाळवून, पुन्हा वेटोळी घालायची. पट्ट्या बटणाने टाचणीच्या खिशावर पुन्हा शिवायच्या. आणि शेवटचा ठराव माझ्याविषयी होता: आजोबांनी कान तपासून घ्यावेत. हात वर करा, असे इंजिन म्हणाला. माझाच हात सर्वांत शेवटी वर गेला, पण गेला.

अधिकार पाण्यासारखा वरून खाली यावा, असे मी फेब्रुवारीत लिहिले होते. ते वाक्य खोडत नाही. मात्र झऱ्याचे पाणी मी विसरलो होतो.

रविवार, १३ मे

डाव्या कानात काही उरलेले नाही. उजव्यात थोडे आहे. तिथे यंत्र बसवले आहे. पहिले तीन दिवस नरकयातना. वर्तमानपत्र उलटताना पत्रे कोसळल्यासारखे वाटते. सूनबाई कुजबुजल्यासारखी बोलते असे मला इतकी वर्षे वाटत होते. ती किती ओरडत होती, ते आता कळले. मी तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, "बाबा, आता जरा हळू बोलू द्या, घसा गेलाय माझा."

तिने पाळ्या बदलून घेतल्या आहेत. पथकप्रमुख म्हणून तिचे नाव गेले. मी उमेदवार. उमेदवाराने महिनाभरात तीन गाठी, प्रथमोपचार आणि शिट्टीच्या खुणा शिकायच्या असतात. टाचणीने माझे शिक्षण बटणाकडे सोपवले.

रविवार, २० मे

निरीक्षक बाई येऊन गेल्या. पत्रकावर दोन्ही सह्या होत्या, सूनबाईची आणि टाचणीची. पथक राहिले. मुलांनी डोक्यावरच्या टोप्या उडवल्या. त्याचा आवाज येत नाही, पण मी ऐकला.

बाई गेल्यावर बटण म्हणाली की, आजोबांची परीक्षा अजून व्हायची आहे. मला पुन्हा त्याच भिंतीकडे तोंड करून उभे केले. तोच तडा. कानातल्या यंत्राची खरखर, कुणाचे तरी बूट, दूरवर एक बसगाडी, इंजिनचे दबलेले हसू आणि मग टाचणीचे "श्श". हे सारे मी ओळखले. त्यानंतर काही क्षण काहीच नव्हते.

मग ती आली. बारीक, चिरकी, उजव्या कानाकडे झुकलेली. एक लांब. मी वाट पाहिली. दुसरी लांब.

तिसरी संपण्याआधी मी वळलो आणि चालू लागलो. धावणे मला जमत नाही. पंधरा पावलांवर बटण शिट्टी तोंडात धरून उभी होती आणि मी पोचेपर्यंत ती वाजवतच राहिली.